अक्काची हाक

माझ्या थोरल्या बहिणीच्या हाकेबद्दल आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्या आजोबांनी नदीला रागे भरून पूर ओसरवला, ते मागं सांगितलं तेव्हा निदान दोघांनी माना तरी डोलावल्या होत्या. या गोष्टीच्या नशिबी तेवढंही नाही.

तर, अक्का. मी बोलायला शिकलो त्याच्या आधीपासून ती शेतात राबत होती. आई आमची अंथरुणाला खिळलेली, बाप अबोल आणि मी कामचुकार. त्यामुळं घर, गुरं आणि आम्ही सगळे तिच्याच गळ्यात. पीक भरात आलं की तिला मचाणावर चढवायचे, पाखरं हाकलायला. खरं तर तिथं मला पाठवायला हवं होतं, पण मचाणावर मी झोपतो हे पाखरांनासुद्धा कळलं होतं. इतर शेतांतली पोरं डबे बडवायची, गोफण फिरवायची. अक्काला यातलं काही लागायचं नाही. उजाडल्यापासून ती नुसती ओरडायची. तिनं हाक काढली की अख्खा थवा हवेतल्या हवेत वळून शेजाऱ्याच्या शेतात उतरायचा. त्यावरून शेजाऱ्याशी जे भांडण लागलं ते त्याच्या नातवालाही पुरलं. एकदा तिनं चुकलेल्या गाईला हाक मारली, तर सडकेवरून जाणारी बस थांबली. ड्रायव्हर खाली उतरून विचारतोय, कोण राहिलं? तेवढ्यात मागून गाय आली. ड्रायव्हरनं दार उघडून धरलं म्हणतात.

"मामा, मागच्या वेळी ट्रक होता," वकीलबाई म्हणाली.

वकीलबाई म्हणजे माझी भाची, अक्काची धाकटी. ती कोर्टात बोलते तशीच घरीही बोलते, त्यामुळं तिचं घरातलं जुनं नाव, चिमणी, आता फक्त मीच घेतो, तेही लांब बसून.

"ट्रक दुसऱ्या गाईचा," मी म्हणालो.

हे सगळं चाललं होतं दवाखान्यात. अक्काला जाऊन पंधरवडा झाला होता. बसून तिच्याबद्दल बोलायचं असं ठरलं, आणि घरात सगळ्यांना एकत्र बसता येईल अशी खोली एकच: पेशंट थांबतात ती. अक्काचा थोरला दातांचा डॉक्टर आहे. पुढं दवाखाना, मागं घर, मधे एक बोळ आणि स्वयंपाकघर. खुर्च्या लोखंडी दांडीवर एकमेकींना जोडलेल्या, एकानं पाय हलवला की अख्खी ओळ हलते. समोर भिंतीवर हातभर मोठी दाढ, उभी चिरून आतली मुळं दाखवलेली. काचेच्या टाकीत मासे. आम्ही असे बसलो होतो की कुणाचीही दाढ काढायची पाळी आधी येऊ शकली असती.

ओळीत पहिला डॉक्टर. त्याला सगळं घर डॉक्टरच म्हणतं. शेवटी शेवटी त्याची आईसुद्धा म्हणायला लागली होती. त्याच्या शेजारी त्याची बायको, आमची सूनबाई, शाळेत शिकवते. मग दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, पोरांचे नाना, घड्याळं दुरुस्त करण्यात ज्यांचा जन्म गेला. मग मी. वकीलबाई ओळीत बसलीच नाही. ती दाराजवळ उभी होती आणि तिच्या पायाशी नानांची बॅग होती, भरलेली.

त्या बॅगेकडं कुणी बघत नव्हतं. सकाळी आल्या आल्या तिनं सांगून टाकलं होतं: नानांना मी घेऊन जाणार. डॉक्टर म्हणाला, का? ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत तूच सांगशील का ते.

"आता तुझ्या बापाची गोष्ट," मी घाईनं म्हणालो, कारण गप्प बसलं की ती बॅग मोठी व्हायची. "अक्का लग्न होऊन इथं आली. दाजी खिडकीशी बसायचे, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग. अक्का आतून हाक मारायची, 'अहो, जेवायलाऽऽ'. स्प्रिंग उडाली. दाजी टेबलाखाली. स्प्रिंग शोधून, पुसून, परत चिमट्यात धरतात तोवर, 'अहो, गार होतंयऽऽ'. दाजी परत टेबलाखाली. शेजाऱ्यांना वाटायचं हा माणूस टेबलाखालीच राहतो. पण दाजींनी तिला कधी म्हटलं नाही, की हळू बोल. खरं की नाही, दाजी?"

दाजींनी कानाला लावलेलं मशीन जरा दाबलं. मग म्हणाले, "तिच्या हाकेनं बंद घड्याळं चालू व्हायची. दोन-तीन तरी मी तशीच गिऱ्हाइकाला दिली."

आता बोला. माझ्यापेक्षा मोठी थाप त्यांनी मारली आणि कुणी हसलं नाही, कारण ते हसत नव्हते.

"मागच्या काही वर्षांत मात्र माझे कान गेले," दाजी म्हणाले. "थोरल्यानं मला कान दाखवायला नेलं. हे मशीन आणलं. यातून तुम्हा सगळ्यांचं ऐकू येतं, टाकीतल्या माशांच्या पंपाचंसुद्धा येतं. फक्त तिचंच येईना. मी म्हटलं, वय झालं. मग मी तिचे ओठ बघायला लागलो. ओठांवरून कळायचं बरंचसं."

कुणीतरी पाय हलवला असणार. ओळ हलली.

आता मी सूनबाईच्या मनात शिरतो. परवानगी कुणी दिली विचारू नका. म्हाताऱ्या मामाला घरातली सगळी दारं उघडी असतात. सूनबाई त्या वेळी मटारचा विचार करत होती. अक्का गेली त्या दुपारी शाळेतून आली तेव्हा मागच्या पायरीवर सासूबाई बसलेल्या, पाठ भिंतीला, मांडीवर सोललेल्या मटारची टोपली. दार सताड उघडं. सूनबाई पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "काय हो आई, दार उघडं टाकून झोपलात? मांजर आत येतंय." हे तिचं सासूशी शेवटचं बोलणं. ते तिनं नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. पंधरा दिवस ते तिच्या जिभेवर खड्यासारखं होतं, आणि आता तिच्याच्यानं दाजींकडं बघवेना. वर्गात पोरांना रोज 'मोठ्यानं वाचा, मागच्या बाकापर्यंत आलं पाहिजे' म्हणणारी बाई ती.

"नाना," ती म्हणाली, "तुमचे कान नव्हते हो गेले. आईंचा आवाज आम्ही कमी केला होता."

"आम्ही नको म्हणूस," डॉक्टर म्हणाला. "मी केला."

"मी दारात उभी होते ना."

"कमी केला म्हणजे?" वकीलबाईनं विचारलं. "रेडिओ आहे का तो?"

सूनबाई सांगायला लागली. दवाखाना नुकताच सुरू झाला होता. खुर्चीत एक मोठे कारखानदार, तोंड उघडं, डॉक्टरची बोटं आत. तेवढ्यात मागून डॉक्टरला घरच्या नावानं हाक आली, 'खोंड्याऽऽ, दोन घास खाऊन जा रेऽऽ'. कारखानदारांना हसू फुटलं आणि त्यांनी डॉक्टरचं बोट चावलं. बाहेर बसलेले सगळे हसले. त्या संध्याकाळी डॉक्टर आईला म्हणाला, आई, इथं लोक येतात. ती म्हणाली, येऊ देत की, त्यांनाही वाढते. तो म्हणाला, तसं नाही, आवाज. ती म्हणाली, बरं, मग किती हळू? तू सांग, तेवढं करते.

"मग यांनी आईंना स्वयंपाकघरात उभं केलं," सूनबाई म्हणाली. "हे इथं येऊन बसले, या खुर्चीत, पेशंटसारखे. मी मधल्या दारात. आईंनी हाक मारायची, यांनी सांगायचं ऐकू येतं की नाही, मी तिकडं पोचवायचं. पहिल्यांदा आईंना हसूच आवरेना. मलाही. खेळ चालल्यासारखं. मी म्हणायचे, 'आई, अजून येतंय, अजून हळू.' त्या परत मारायच्या. 'अजून हळू.' असं बराच वेळ चाललं. मग त्यांचं हसणं थांबलं. मी मात्र हसतच होते."

"आणि मग?"

"मग एकदा यांना काहीच ऐकू आलं नाही. हे उठून आत आले आणि म्हणाले, 'हां, आता बरोबर.' आई 'बरं' म्हणाल्या. ते मला दारातूनही ऐकू आलं नाही. ओठ हलले तेवढे."

दाजींनी सुनेकडं पाहिलं. रागानं नाही, आणि तेच वाईट होतं. घड्याळ उघडून आत गंज सापडला की ते असे बघायचे.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मी उगाच ओठ बघत बसलो. कानाला हात लावून 'काय? काय?' म्हणायचो. तिला वाटलं असेल, बरं झालं, यांना काही कळत नाही."

डॉक्टर मान खाली घालून बसला होता. त्याच्याही मनात डोकावतो, कारण त्याला एकट्याला खुर्चीत धरून सगळ्यांनी दाढ उपटणं मला पटत नाही. पोरगा शाळेत हुशार होता. बक्षीस समारंभात त्याचं नाव पुकारलं, तो स्टेजवर चढला, आणि मागच्या रांगेतून अक्कानं मचाणावरचा आवाज लावला, 'माझा खोंड्याऽऽ'. पाहुण्यांच्या हातातला कप पडला. खोंड म्हणजे तरणा बैल, तेव्हा पुढं शाळा सुटेपर्यंत पोरं त्याला शिंगं दाखवायची. त्या दिवशी घरी येऊन तो रडला, आणि अक्का त्याच्या पाठीवरून हात फिरवत विचारत होती, कुणी मारलं तुला? नाव सांग. तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आपल्या पोराचं कौतुक गावभर ऐकू जाऊ नये असं कुणाला वाटेल, हे तिच्या डोक्यातच शिरण्यासारखं नव्हतं. ती आयुष्यभर दुसऱ्यांसाठीच ओरडली होती. स्वतःसाठी तिनं पाण्याचा तांब्यासुद्धा कधी मागवला नाही.

"दादा," वकीलबाई म्हणाली. तिचा आवाज आता घरचा नव्हता. "एकच विचारते. त्या दिवशी आईनं हाक मारली होती का?"

"मी पेशंट बघत होतो. सांगितलंय मी तुला फोनवर."

"ते सांगितलंस. मी विचारलं ते वेगळं आहे."

"मशीन चालू होतं. दाढ कोरायचं. त्यात काही ऐकू येत नाही."

"किती वेळ चालू होतं?"

"पेशंट होता तोवर."

"मधे थांबत नाही? पेशंट थुंकतो, चूळ भरतो, तेव्हा?"

"हे कोर्ट नाही," डॉक्टर म्हणाला.

"नाही ना. कोर्टात मी इतकं हळू विचारलं नसतं."

"अगं, जाऊ दे आता," सूनबाई म्हणाली. आत्तापर्यंत ती नणंदेच्या बाजूला झुकल्यासारखी वाटत होती; आता परत नवऱ्याकडं सरकली. "झोपेतच गेल्या त्या. चेहरा शांत होता. मी पाहिलंय."

"वहिनी, तू नंतर पाहिलंस."

डॉक्टरनं मान वर केली. "तू फार विचारतेस म्हणून मीही विचारतो. हॉस्टेलवर आई आली होती ते आठवतं? रात्रभर प्रवास करून, डोक्यावर तुझ्यासाठी बोचकं. फाटकाबाहेरून तिनं हाक मारली, 'चिमणेऽऽ'. तू वर खिडकीत होतीस. मैत्रिणीला सांगून पाठवलंस की ती इथं नाही. आईनं बोचकं त्या मैत्रिणीकडं दिलं आणि परत आली. मला सांगताना म्हणाली, पोरगी अभ्यासाला गेली होती, भेट नाही झाली. आणि हसली. खूप वर्षांनी तिच्या तोंडून निसटलं, तिला खिडकी दिसली होती."

हे मला नवीन होतं. चिमणीलाही नवीन असावं, खिडकीचं. तिनं दाराच्या चौकटीला हात लावला. तिचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. टाकीतला पंप बुडबुडत होता. बाहेर कुणीतरी दाराची पाटी वाचून परत गेलं.

"दिसली होती?" ती शेवटी म्हणाली.

"दिसली होती."

"म्हणूनच विचारतेय," ती म्हणाली, आणि आता त्यात कोर्ट नव्हतं. "माझं काय ते मला माहीत आहे, दादा. मी खिडकीत उभी राहिले, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुझ्यापेक्षा मी चांगली आहे असं सांगायला नाही आले. पण नाना अजून आहेत. ते या घरात राहणार असतील, तर त्यांनी हाक मारली की कुणी उठतं का, एवढं मला कळू दे. तिनं हाक मारलीच नसेल तर मी बॅग उचलून आत ठेवते आणि गप्प बसते. मारली असेल आणि तू उठला नसशील, तर मी यांना इथं ठेवणार नाही."

"मला कुठंही चालेल," दाजी म्हणाले. पण ते म्हणताना त्यांनी बोळाकडं पाहिलं. तिथं मागच्या खिडकीशी त्यांचं टेबल आहे, त्यावर उघडी घड्याळं, आणि खिडकीतून ती पायरी दिसते. त्या दिवशी तेवढा वेळ ते टेबलाशी नव्हते, वाचनालयात गेले होते. आता ते टेबलावरून उठतच नाहीत. त्यांना कुठंही चालणार नाही हे माशांनासुद्धा कळत होतं.

सगळ्यांनी डॉक्टरकडं पाहिलं. त्यानं तोंड उघडलं. त्याला बोलायचं होतं की गिळायचं होतं, मला सांगता येणार नाही. पण मी विचार केला, हा जे काही बोलेल त्यानं घर दुभंगेल. अक्कानं जन्मभर एकेकाला हाका मारून एका ताटाभोवती बसवलं, आणि आपण तिच्यावरूनच उठून चाललोय. असल्या वेळी गावात माझी एकच कीर्ती आहे. मी खाकरलो.

"तिनं हाक मारली होती," मी म्हणालो.

चौघंही माझ्याकडं वळली.

"पण याला नाही. मला मारली. तुम्हाला पटणार नाही, पण ऐका. मी गावी बांधावर बसलो होतो, दुपारची वेळ. सगळं सामसूम. आणि एकदम हाक आली. मचाणावरची, अस्सल. मधे एवढ्या टेकड्या, एवढी गावं, पण आवाज थेट. झाडावरची पाखरं उठली. मी ओळखली. मला लहानपणी म्हणायची तसं, 'झोपाळूऽऽ, ऊठ रेऽऽ, मी निघालेऽऽ'. आवाजात दुखणं नाही, रडणं नाही. माहेरी यायला निघाली की म्हणायची तसं. मी उभा राहिलो आणि ओरडलो, 'आलो गंऽऽ'. शेजाऱ्याचा नातू धावत आला, त्याला वाटलं भांडण सुरू झालं. त्याला विचारा. आणि माझं 'आलो' तिला पोचलं. मला कळलं पोचलं म्हणून. मग ती गप्प झाली, मटार सोलले, आणि भिंतीला टेकली. या पोरानं काय ऐकायचं त्यातलं? ती हाक याच्या छपरावरून गेली. असल्या हाका जवळच्याला ऐकू येत नाहीत, लांबच्यालाच येतात. मोठ्या घंटेचं असंच असतं."

सांगता सांगता मलाच ती हाक ऐकू यायला लागली, देवाशपथ. दाजींनी डोळे मिटले होते आणि ओठांवर हसू होतं. "'मी निघाले' म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"अगदी स्वच्छ."

"मोठ्यानं?"

"पाखरं उठली म्हणतोय ना, दाजी."

"हां," ते म्हणाले. "मग बरं झालं. शेवटचं तरी मोठ्यानं म्हणाली."

सूनबाईनं पदर डोळ्याला लावला. चिमणीला माझ्या थापा पाळण्यापासून माहीत. ट्रकची बस झालेली तिनं पकडली होती. पण ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे आणि मी फुटू नये अशी तिचीच इच्छा आहे. "मग तिनं दादाला हाक मारलीच नाही," ती सावकाश म्हणाली.

"कशाला मारेल? तिला माहीत होतं हा कामात आहे."

तिनं खाली वाकून बॅगेचा बंद धरला. बॅग उचलली, आणि बाहेरच्या नाही, बोळाच्या बाजूला वळली. दाजी उठून तिच्या मागं निघाले, खिडकीकडं, टेबलाकडं. मी मनात म्हटलं, अक्का, बघ, निभावलं.

"मामा, हे खोटं आहे," डॉक्टर म्हणाला.

चिमणी थांबली. दाजींनी कानावरचं मशीन दाबून धरलं.

"दाढ कोरायचं मशीन बंद होतं. पेशंट चूळ भरत होता. तिनं मलाच हाक मारली, 'जरा ये रे' म्हणून. मला वाटलं, नेहमीसारखं जेवायला बोलावतेय. शिकवलं होतं त्यापेक्षा थोडी मोठी होती. पेशंटनं वळून पाहिलं. म्हणून मी जागेवरूनच म्हणालो, 'आई, हळू.'"